मूत्ररोगांचे संशोधन आणि आपले तरुण डॉक्टर



वसंत व्याख्यानमालेच्या वक्त्याने संतांवर बोलावे, राजकारणावर बोलावे, फार तर कापसाच्या भावावर बोलावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आमचा विषय मात्र चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही असे समजणारी मंडळी ह्या मांडवातही असतील. लघवीच्या दुखण्याविषयी माणूस घरातसुद्धा बोलत नाही. म्हातारे वडील रात्रीतून सहा वेळा उठतात. मुलाला ते ठाऊक असते, सुनेला ठाऊक असते, परंतु विषय कोणी काढीत नाही. ज्या रोगाविषयी बोलणे होत नाही त्याविषयी विचारणेही होत नाही, आणि विचारणे नाही तेथे संशोधन कोठून येणार? म्हणून आम्ही हाच विषय घेतला.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. युरॉलॉजी म्हणजे मूत्रपिंडे, तेथून खाली उतरणाऱ्या नळ्या, मूत्राशय, मूत्रमार्ग आणि पुरुषांची प्रजननेंद्रिये ह्यांच्या रोगांचे शास्त्र. मूत्रपिंडाचे औषधोपचार करणारा वैद्य वेगळा आणि शस्त्र हाती घेणारा वेगळा. हा दुसरा तो युरॉलॉजिस्ट. मुतखडा, प्रोस्टेटची वाढ, लहान मुलांच्या जन्मजात अडचणी, बाळंतपणांनंतर स्त्रियांना लागणारी लघवीची गळती, ह्या अवयवांचे कर्करोग, हा सगळा त्याचा संसार. आमच्या विदर्भात ह्यांपैकी मुतखडा तर घरोघरी परिचयाचा आहे.

आता 'संशोधन' हा दुसरा शब्द. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि परदेशातील एखादी टोलेजंग इमारत उभी राहते. मुलगा डॉक्टर व्हावा असे वाटणाऱ्या बापाला तर हा शब्द थोडा धोक्याचाच वाटतो; पोरगा दवाखाना टाकावयाचा सोडून कागद काळे करीत बसेल ही त्याची भीती. आमच्या मते संशोधनाचे शिक्षण म्हणजे मुख्यतः तीन गोष्टींचे शिक्षण आहे: नेमका प्रश्न विचारावयाचा, प्रामाणिकपणे मोजावयाचे, आणि मोजमाप आपल्या समजुतीविरुद्ध गेले तर समजूत सोडावयाची. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, आणि ती वयाच्या विशी-पंचविशीत शिकली नाही तर पुढे सहसा शिकता येत नाही.

ह्या शास्त्रात शिक्षणाची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे ते पाहा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात विद्यार्थ्याने हात कसा तयार करावा हे सांगणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करावा. भेदनाचा सराव पाणी व चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्यांवर आणि जनावरांच्या मूत्राशयांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात अश्मरीची, म्हणजे मुतखड्याची, शस्त्रक्रिया आहे. आणि ती करण्यापूर्वी राजाची अनुज्ञा घ्यावी असे बजावलेले आहे, कारण कुशल हातांतही यशाची खात्री नाही. आधी भोपळ्यावर हात बसवावा, मग अनुमती घ्यावी, मग माणसाला हात लावावा. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नीतिसमिती हे त्याच शहाणपणाचे नवे रूप आहे. जुने होते म्हणून सर्व काही होते असे मात्र आम्ही म्हणत नाही. किती रुग्ण वाचले आणि किती दगावले ह्याचा हिशेब त्या ग्रंथात नाही, आणि आधुनिक संशोधन सुरू होते ते नेमके ह्या हिशेबापासून.

असा हिशेब ठेवणारा एक मराठी माणूस आपल्याला ठाऊक असावा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. जी. एम. फडके ह्यांना भारतीय युरॉलॉजीच्या आद्य पुरुषांत गणतात. १९६१ साली युरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच झाले. त्या काळी कुटुंबनियोजनाची मोहीम जोरात होती व पुरुषांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होत होत्या. पुढे कोणाचे मूल दगावे, कोणी दुसरा विवाह करी, आणि तो माणूस डॉक्टरांकडे येऊन विचारी की बांधलेली नस पुन्हा जोडता येईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर विलायतेच्या पुस्तकात तयार मिळण्यासारखे नव्हते, कारण तो प्रश्न एवढ्या संख्येने आपल्याकडेच उभा राहिला होता. फडक्यांनी नसा जोडल्या. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. डॉ. ए. जी. फडके ह्यांच्यासह त्यांनी १९६७ साली अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ युरॉलॉजी' ह्या नियतकालिकात ७६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शेकडा ८३ जणांत शुक्रजंतू पुन्हा दिसले आणि शेकडा ५५ जणांच्या घरी गर्भधारणा झाली. ह्या विषयावर नंतर लिहिणाऱ्या परदेशी लेखकांच्या कोष्टकांत हे आकडे वर्षानुवर्षे आढळतात. शस्त्रक्रिया तर कित्येकांनी केल्या असतील. ज्याने मोजल्या आणि मांडल्या त्याच्या कामावर पुढच्यांना उभे राहता आले.

आता आपल्या मुतखड्याकडे वळू. ह्या रोगावर विसाव्या शतकात जे संशोधन झाले त्याचे दोन नमुने आम्ही तुमच्यापुढे ठेवतो. पहिला जर्मनीतला. डॉर्निए नावाच्या विमान बनविणाऱ्या कंपनीत, वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळून धातूला काय इजा होते ह्याचा अभ्यास चालला होता. त्या आघातलहरींचा उपयोग शरीरातला खडा बाहेरूनच फोडण्यासाठी करता येईल काय, ह्या कल्पनेवर म्यूनिक येथील डॉ. ख्रिस्तियान चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले, आणि १९८० साली पहिल्या माणसाचा खडा पोटाला चिरा न देता फोडला. जगभर त्या यंत्राचे कौतुक झाले व ते योग्यच होते. असले संशोधन दारव्ह्यात होणार नाही. त्यासाठी विमानाचा कारखाना लागतो.

दुसरा नमुना इटलीतील पार्मा गावचा, आणि तो आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. भरपूर पाणी प्यावे म्हणजे खडा होत नाही, हे वैद्य फार पूर्वीपासून सांगत आले होते; पण ते खरे आहे काय, आणि खरे असेल तर किती, हे कोणी नीट मोजले नव्हते. पार्म्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सांगितले की दिवसाकाठी निदान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. दुसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही. मग पाच वर्षे वाट पाहिली. १९९६ साली निकाल प्रसिद्ध झाला. पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटातल्या १०० पैकी २७ जणांना झाला. ह्यासाठी यंत्र लागले नाही. पाणी लागले, मोजमापाचे भांडे लागले, वही लागली आणि पाच वर्षांचा धीर लागला.

हे ऐकून तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मग आता प्रश्न संपला. पाणी प्या म्हणजे झाले. नाही संपला, आणि येथेच आपला प्रश्न सुरू होतो. पार्म्याचा रुग्ण आणि आपल्या वावरात राबणारी बाई ह्यांत फरक आहे. वैशाखात पेरणीपूर्वी काडीकचरा वेचावयाला बाया सकाळी निघतात. पाण्याची एक कॅन धुऱ्यावर सावली शोधून ठेवलेली असते. ती दहाजणींत वाटून प्यावयाची. वावर लांब, घाम एवढा की लघवीची आठवणच होत नाही. शिवाय आडोसा कोठे आहे? ज्या ठिकाणी आडोसा नाही तेथे बाई समजून-उमजून पाणी कमी पिते. अशा रुग्णाला दवाखान्यात डॉक्टर सांगतो, 'बाई, रोज तीन-चार लिटर पाणी पीत जा.' ती मान हलविते, चिठ्ठी घेते आणि दुसऱ्या दिवशी वावरात जाते. आम्हीही हा सल्ला पुष्कळ वर्षे दिला आहे, आणि मान हलविणे म्हणजे पाणी पिणे नव्हे हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. ह्या भागातली बाई उन्हाळ्यात किती पाणी पिते, तिची चोवीस तासांची लघवी किती भरते, धुऱ्यावर दुसरी कॅन ठेवली आणि आडोशाची सोय केली तर त्यात किती फरक पडतो, हे मोजावयाला विमानाचा कारखाना लागत नाही. वैद्यकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला विद्यार्थी हे शिक्षकाच्या देखरेखीखाली करू शकतो.

प्रश्नांना तोटा नाही. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे पडतात, हाडे दुखतात, हे ठाऊक आहे. त्या पाण्याचा खड्याशी संबंध आहे काय, ह्यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. जड पाण्याने खडा होतो असे आपण सारे धरून चालतो. ह्या बाबतीत निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. विदर्भातल्या आदिवासी व इतर काही समाजांत सिकलसेलचा आजार आहे. त्या रोग्याच्या मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते, म्हणजे त्याच्या अंगातले पाणी लवकर घटते. त्याला लघवीतून रक्त जाऊ शकते, आणि तरुण पुरुषांना जननेंद्रियाचा वेदनामय ताठरपणा येतो, ज्यावर काही तासांत उपचार झाला नाही तर कायमची हानी होते. लाजेपायी तो मुलगा दोन दिवस घरी पडून राहतो. किती मुले अशी उशिरा येतात, का येतात, हा प्रश्न मुंबईच्या डॉक्टरपुढे क्वचित येईल. आपल्याकडच्या डॉक्टरपुढे तो येणारच.

स्त्रियांविषयी एक उदाहरण देतो, तेही विदर्भातलेच. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. हे युरॉलॉजीचे संशोधन नव्हे, शेजारच्या घरचे आहे. पण लघवीच्या गळतीने पिचलेल्या, लग्नकार्याला जाणे टाळणाऱ्या, लुगड्याला वास येतो म्हणून देवळातही मागे बसणाऱ्या बायांची मोजणी अशीच कोणीतरी खेड्यात बसून करावी लागेल. दोन खेडी जगाला पुरली. तालुका तर त्याहून मोठा आहे.

मग हे शिक्षण मिळते कोठे? सभेत बसलेल्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना ह्याचीच माहिती हवी असेल.

पहिले दार विद्यार्थिदशेतच उघडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, जिला आपण आयसीएमआर म्हणून ओळखतो, तिने १९७९ साली वैद्यकीच्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती सुरू केली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील एखाद्या शिक्षकाला मार्गदर्शक धरावे, लहानसा प्रश्न निवडावा, आराखडा पाठवावा. निवड झाली तर दोन महिने काम करून अहवाल द्यावा, आणि अहवाल पसंत पडला की विद्यावेतन व प्रमाणपत्र मिळावे, अशी ती योजना. दोन महिन्यांत मोठा शोध लागत नाही. पण आराखडा कसा लिहावा, नीतिसमितीपुढे कसे जावे, रुग्णाची संमती कशी घ्यावी, आणि आकडे मनासारखे आले नाहीत तर काय करावे, एवढे निश्चित कळते. आमच्या अनुभवाने ह्या कामात खरी अडचण पैशाची नसते, मार्गदर्शकाची असते. शिक्षकाचा सकाळचा वेळ बाह्यरुग्ण विभागात जातो, दुपार शस्त्रक्रियागृहात. विद्यार्थी दाराशी उभाच राहतो. जो शिक्षक अशा विद्यार्थ्याला आत बोलावून बसवितो, त्याचे नाव मुले जन्मभर काढतात.

महाविद्यालये आता दूर राहिलेली नाहीत. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. नागपूरचे तर १९४७ चे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर ह्यांनी १९६९ साली काढलेल्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, ही प्रथा तर आम्हांला फारच आवडते. अलीकडे देशभरच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावे असे ठरले आहे. पुष्कळ ठिकाणी ते रक्तदाब मोजून वहीत सही करण्यावर भागते. त्याच घरांत उन्हाळाभर पाण्याचा हिशेब ठेवला तर?

दुसरे दार पदव्युत्तर शिक्षणाचे. एम. एस. करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा एक मूलभूत पाठ्यक्रमही पुरा करावा लागतो. तो चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेमार्फत इंटरनेटवरून चालतो, म्हणून खेड्यातल्या डॉक्टरलाही घरबसल्या ऐकता येतो. हे नियम चांगले आहेत. पण प्रबंधांची दशा आम्ही पाहिली आहे. मागच्या वर्षीच्या प्रबंधावरून ह्या वर्षीचा, आकडे थोडे हलवून. जाड पुठ्ठ्याची बांधणी, सोनेरी अक्षरे, आणि ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर कायमचे वास्तव्य. बढतीसाठी लेख लागतात म्हणून पैसे भरून लेख छापणारी नियतकालिकेही निघाली आहेत. ह्याला संशोधनाचे शिक्षण म्हणणे म्हणजे नक्कल करून पास झालेल्याला विद्वान म्हणणे होय. मुतखडा झालेले जे शेतकरी त्या तीन वर्षांत हातांखालून गेले, त्यांची नीट नोंद ठेवून लिहिलेली वीस पाने त्या सोनेरी पुठ्ठ्याहून अधिक मोलाची.

त्यापुढे एम. सीएच. ची तीन वर्षे. साडेपाच वर्षे पदवीची, तीन एम. एस. ची, तीन ह्याची, शिवाय मधल्या प्रवेशपरीक्षा. माणूस तिशी ओलांडतो. ह्या टप्प्यावर युरॉलॉजिकल सोसायटीचे वार्षिक अधिवेशन आणि १९८४ पासून निघणारे तिचे 'इंडियन जर्नल ऑफ युरॉलॉजी' ही तरुणांची व्यासपीठे आहेत. परदेशात सोय अधिक आहे हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रोगांसाठी सरकारी संशोधनसंस्था आहे, आणि तेथील युरॉलॉजीच्या संघटनेची संशोधनवृत्ती १९७५ पासून तरुणांना मिळत आली आहे. तिच्यामुळे डॉक्टराला शस्त्रक्रियेच्या धबडग्यातून सवड काढून संशोधन करता येते. आपल्याकडे पैसा कमी पडतो हे खरे, पण ही राखून ठेवलेली सवड त्याहून कमी पडते. रुग्णांची रांग दारात असताना कोण कोणाला सवड देणार?

तरीही एक वर्ष असे आहे की जे अनेकांना शिक्षेसारखे वाटते आणि आमच्या मते ते संधीचे आहे. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला बंधपत्राप्रमाणे एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. त्यातला कोणी आपल्या तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर येतो, आणि दिवस मोजीत पुढच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके वाचतो. त्याला दोष देत नाही. परीक्षाच तशी आहे. पण जुन्या महाविद्यालयातला एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून जोडून ठेवला, रीतसर परवानगी घेतली आणि केंद्रावर पोटात कळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत दहा गोष्टी वहीत लिहिल्या, तर वर्षाच्या शेवटी त्याच्यापाशी जे जमेल ते कोणत्याही मोठ्या रुग्णालयापाशी नसेल. मोठ्या रुग्णालयात खडा येतो. खडा ज्या गावात, ज्या पाण्यावर, ज्या कामात तयार झाला, ते तेथे येत नाही.

आता थोडे पालकांशी. लातूरला, अकोल्याला शिकवणीसाठी मुले पाठविताना तुम्ही शेत गहाण टाकता हे आम्हांला ठाऊक आहे. मुलगा डॉक्टर झाला की लवकर चार पैसे यावेत ह्यात गैर काही नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत तो म्हणाला की दोन महिने एका अभ्यासासाठी खेडी फिरतो, तर तुम्ही विचारता, 'त्याने काय मिळणार?' आजच्या आज काही मिळणार नाही, हे त्याने खरे सांगावे. मात्र त्या दोन महिन्यांत जो मुलगा रुग्णाला नीट विचारावयाला शिकला, तो पुढे दवाखाना टाकील तरी नुसत्या सवयीने औषध लिहिणार नाही. मुलीच्या बाबतीत तर आमचा आग्रहच आहे. युरॉलॉजीत स्त्रिया अजून थोड्या आहेत, आणि लघवीच्या गळतीविषयी आपल्या मावश्या, काकवा पुरुष डॉक्टरपुढे तोंड उघडत नाहीत.

तुम्हां नागरिकांकडेही आमचे मागणे आहे, आणि ते वर्गणीचे नाही. पुष्कळ घरांत पडलेला किंवा काढलेला खडा काड्यापेटीत, कुंकवाच्या डबीत जपून ठेवलेला असतो; पाहुण्यांना दाखवितात. तो दाखविण्यापेक्षा तपासणीला द्या. खडा कशाचा बनला आहे हे प्रयोगशाळेत कळते, आणि त्यावरून पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे हे ठरते. दुसरे, जुने कागद फेकू नका. सोनोग्राफीचा अहवाल, लघवीची तपासणी, शस्त्रक्रियेची चिठ्ठी, सारे एका पिशवीत तारखेवार ठेवा. तिसरे, विद्यार्थी दाराशी आला तर त्याला खरे सांगा. त्याने संमती मागितली तर ती देणे वा नाकारणे तुमच्या हाती आहे, आणि नाकारली म्हणून उपचारात काडीचा फरक पडता कामा नये. पडला तर तक्रार करा. पण 'किती पाणी पिता?' ह्या प्रश्नाला 'भरपूर' असे उत्तर देऊ नका. तांब्ये मोजून सांगा.

आमच्या मनात अशी एक साधी वही आहे. डाव्या बाजूला गाव, पाणी विहिरीचे की बोअरचे की नळाचे, काम घरातले की वावरातले, खडा पूर्वी झाला होता काय, घरात आणखी कोणाला आहे. उजव्या बाजूला तारीख आणि दिवसाचे तांबे. ह्या तालुक्यातील वैद्यकीचे दोन-तीन विद्यार्थी आज सभेला आले आहेत असे चालकांनी सांगितले. त्यांनी सभेनंतर थोडे थांबावे. आराखडा कसा लिहावयाचा ते आम्ही त्यांच्याबरोबर बसून पाहू. त्यापूर्वी ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी विचारावेत. ज्यांना मोठ्याने विचारण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी कागदावर लिहून पुढे पाठवावे. नाव घालण्याची जरुरी नाही.